देवीच्या उंचीवरून

खोबरेल तेलाचा वास स्वयंपाकघरातून आला की भूक लागते, केसांतून आला की झोप येते, आणि लोखंडी बोल्टांवरून आला की मला कळतं, उद्या आपल्याकडे पालखी आहे.

आत्ता मी पडवीत पाटावर बसून तेच करतोय. एका वाटीत तेल, हातात कापसाचा बोळा आणि समोर जाळीचे बोल्ट. गेले दोन पावसाळे यांना कुणी हात लावलेला नाही. खाऱ्या वाऱ्याने ते असे गंजलेत की सख्ख्या नटानेही ओळख देऊ नये. मी एकेकाला तेल पाजतो, चुचकारतो, थोडं गोंजारतो, मग पाना लावून हळूच विचारतो, "काय, फिरताय का?" ते काही फिरत नाहीत.

"अहो, तेल जपून!" नंदा आतून ओरडते. नंदा म्हणजे माझी बायको. "तळणाला पुरायला हवं!"

"तुझ्या वड्यांपेक्षा यांना जास्त गरज आहे!"

उत्तरादाखल आत एक पातेलं आपटतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला पातेल्यांची भाषा यायला लागली आहे. हे पातेलं "बाहेर आले की बघते" असं म्हणालं.

शिमगा आला की आमच्याकडे हवेचाच नूर बदलतो. मोहोर गळून गेलेला असतो आणि आंब्याखाली बोटाएवढ्या कैऱ्यांचा सडा पडलेला असतो. पायाखाली आली की कैरी कुरकुरते, आणि तो आंबट वास चपलेला दिवसभर चिकटून राहतो. काजूची पिकलेली बोंडं बांधाबांधाला पडून दुपारच्या उन्हात आंबतात. नुसतं त्या वाटेने चालत गेलं तरी माणूस जरा जास्तच हसू लागतो. चिऱ्याच्या भिंती तापतात. जयगडकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ उडते, ती कुंपणावरच्या पानांवर बसते. आणि कुठल्यातरी वाडीवरून ढोल ऐकू येतो. तो जवळ आला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. त्याच्याबरोबर आपलं काळीजही येतं-जातं करतं. मी पन्नाशी ओलांडली आहे, तरी करतं. लहानपणापासूनची सवय. तरुणपणी तर मी गावच्या नमनाच्या खेळात गवळण व्हायचो. मिशी काढून, लुगडं नेसून, डोक्यावर मडकं. आमच्या आईने एकदा मला त्या वेषात पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "पोरगी झाली असती तर बरी दिसली असती, पण नाक बापाचं." असो.

परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमची देवी वर्षभर देवळात असते, आणि आपण तिच्याकडे जातो. शिमग्यात ती पालखीत बसून आपल्याकडे येते. प्रत्येक घरी. श्रीमंताकडे आणि गरिबाकडे, भांडलेल्याकडे आणि न भांडलेल्याकडेही. घरात येते, टेकते, ओटी भरून घेते, गाऱ्हाणं ऐकते आणि पुढच्या घरी जाते. आमच्या वाडीत आमचं घर शेवटचं. म्हणून संध्याकाळी ती आमच्याकडे जरा जास्त वेळ टेकते, आणि पालखीबरोबर आलेली सगळी माणसं आमच्याकडे जेवतात. हे जेवण आमच्या घराला कुणी दिलं, कधी दिलं, ठाऊक नाही. आजोबांच्याही आधीपासून आहे. त्यामुळे शिमग्यातला आमचा खरा सण पालखीचा दिवस नव्हेच. आमचा सण म्हणजे आदला दिवस.

आदल्या दिवशी घर आपलं राहत नाही. अंगण सारवलेलं असतं, त्यावर पाय ठेवायचा नाही. ओले काजूगर सोलायला शेजारच्या बायका येतात, बोटांना तेल चोळून बसतात, कारण काजूच्या चिकाने हात भाजतात. चिकापेक्षा जास्त भाजतील अशा गोष्टी एकमेकींना सांगतात. मी तिथून गेलो की सगळ्या गप्प होतात. म्हणून मी मुद्दाम तिथून जातो. काळे वाटाणे भिजत पडलेले असतात, रात्रीतून फुगून टोपाचं झाकण उचलतात. कच्चा फणस चिरायचं काम माझ्याकडे, कारण त्याचा चीक कुणालाच नको असतो. नारळ खवण्याचा आवाज तर सकाळपासून चालू असतो, घराला घोरण्याची सवय लागल्यासारखा. आणि प्रत्येकाला एक काम, आणि प्रत्येकाचं मत की आपल्यालाच जास्त आलं.

पण यंदा हात बोल्टावर आणि मन दोन वर्षांपूर्वीच्या त्या शिमग्यात आहे. नवीन घरातल्या पहिल्या शिमग्यात.

जुनं मातीचं घर उतरवून त्याच जोत्यावर आम्ही चिऱ्याचं घर बांधलं. आई आधी तयार नव्हती. मग झाली, पण एका अटीवर. "काय हवं ते बांध बाबू. संडास घरात आण, टाइल बसव, काय करायचं ते कर. पण ती आत येऊन टेकली पाहिजे. माझ्यासमोर." ती म्हणजे देवी. आई देवीचा उल्लेख असा करायची, जणू वर्षातून एकदा येणारी थोरली नणंद.

मी शब्द दिला. गवळणीच्या आवेशात, छातीवर हात ठेवून दिला. मधलं दार मुद्दाम रुंद ठेवलं, बैठकीच्या मधोमध देवीचा पाट बसेल एवढी जागा सोडली. मिस्त्रीला समोर उभा करून त्याला पालखीसारखं आत-बाहेर चालायला लावलं. सगळं जमलं.

मग वानरं आली. म्हणजे ती होतीच. पण नवीन घराची पडवी त्यांना फार आवडली. पपई नेली, पडवळ नेलं, एके दिवशी तर नंदाचा वाळत घातलेला चष्मा पुसायचा रुमाल नेला आणि समोरच्या फणसावर बसून आमच्याकडे बघत तोंड पुसलं. नंदा म्हणाली, "एक तर ती राहतील, नाहीतर मी." मी थोडा विचार केला. तेवढा विचार केल्याबद्दल मला आठवडाभर अळणी आमटी मिळाली. मग खाडीपलीकडून सलीमभाईला बोलावलं. तो लोखंडी कामं करतो. त्याने अख्ख्या पडवीला जाळी मारली, पायऱ्यांच्या बाजूने एक माणूस जाईल एवढं अरुंद दार ठेवलं, कारण मोठं दार उघडं राहतं आणि वानरं उघड्या दाराची वाटच बघत असतात. फार सुंदर काम झालं. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं, फोटो काढून मुंबईला धाकट्या भावाला, सुधीरला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

शिमगा आला. सुधीर मुंबईहून आला. पालखीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचे तात्या आले. तात्या पालखीचे मानकरी. उद्या किती वाजता येऊ, किती पानं, हे विचारायला दरवर्षी येतात आणि चहा पितात. तात्या अंगणाच्या कडेला उभे राहिले, घराकडे बघितलं आणि चहा मागायचंच विसरले.

"बाबू," ते म्हणाले, "पालखी आत कुठनं नेणार?"

"दारातनं. चांगलं रुंद ठेवलंय, बघा की."

"ता दार रुंद हाय. पण त्या दारापत येणार कुठनं?"

मी बघितलं. सुधीरने बघितलं. नंदा पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनेही बघितलं. जाळीचं दार एका बाजूला. घराचं दार समोर. मधल्या अरुंद पडवीत वळायचं. आणि पालखीचा दांडा केवढा लांब असतो, ते या घरात आजवर प्रत्येकाने खांद्यावर घेऊन अनुभवलेलं. एक माणूस वळेल. एक वानरही वळेल. देवी वळणार नाही.

वानरांना अडवायला जाळी लावली आणि देवी अडली.

आणि मी, ज्याने मिस्त्रीला पालखी करून चालवलं, त्या मला जाळी लावताना हे सुचलं नव्हतं. घरात कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त पपई होती.

"अंगणात टेकवू," सुधीर हळूच म्हणाला. "हल्ली पुष्कळ ठिकाणी टेकवतात. आईला खुर्चीत घालून बाहेर आणू."

आई आतल्या खोलीत कॉटवर होती. त्या थंडीत तिच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता, धरून दोन पावलं टाकली तर टाकली. पण कान शाबूत होते. अगदी जास्तच शाबूत. आम्ही आत गेलो तेव्हा सुपात ओटीचं सगळं तिने मांडून ठेवलं होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. सूप मांडीवर घेऊन ती बसली होती.

"म्हणजे यंदा ती बाहेरनंच जाणार," ती म्हणाली.

"आई, तुला अंगणात..."

"मी काय अंगणात बसू? घरी आलेल्या बाईला कुणी अंगणात ओटी भरून वाटेला लावतं का रे? मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती माझ्या घरात येते. घर मातीचं होतं, गळत होतं, तरी येत होती. आता टाइल लावल्यावर तिला दारात उभी करायची?"

आणि तिने सूप बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रागावली असती तर बरं झालं असतं. आईच्या रागाची आम्हाला सवय होती. पण ती नुसती भिंतीकडे बघत राहिली, आणि मला त्या नव्या, गुळगुळीत, पिस्ता रंगाच्या भिंतीची शरम वाटली.

मी सलीमभाईला फोन लावला. रमजान चालू होता, रोजा धरलेला. दुपारच्या उन्हात तो माणूस कटर घेऊन आला. जाळीपुढे उभा राहून त्याने डोकं खाजवलं.

"भाई, हे कसं झालं?" मी जरा त्याच्यावर ढकलायचा प्रयत्न केला.

"तुम्ही माकड बोललात, मी माकडाचा हिसाब केला," तो शांतपणे म्हणाला. "देवी येणार, हे तुम्ही बोललात काय?"

मी कटरची वायर लावायला आत गेलो.

मग दुपारभर पडवीत ठिणग्या उडत राहिल्या. काजूगर सोलणाऱ्या बायका लांब सरकून बसल्या, पण उठल्या नाहीत, कारण हा खेळ कुठे बघायला मिळणार. घराच्या दारासमोरचा जाळीचा अख्खा तुकडा सलीमभाईने कापून सोडवला, त्याला कडेने पट्ट्या मारल्या, भोकं पाडली आणि बोल्ट बसवले. "शिमग्याला काढायची, शिमगा झाला की लावायची. माकडं पण खूश, नाही म्हणजे, नाखूश." नंदाने सवयीने त्याला चहा विचारला आणि जीभ चावली. तो हसला. "सूर्य बुडू दे वहिनी, मग दोन घेईन."

तुकडा निघाला. समोर एवढी मोठी वाट झाली की घराने जांभई दिल्यासारखं वाटलं.

पण तात्यांचं समाधान होईना. त्यांनी दांड्याच्या लांबीचे दोन बांबू आणवले, आम्ही ते खांद्यावर घेऊन आत गेलो, बाहेर आलो. सरळ गेलो. "रिकामा बांबू कुणीपण नेईल," तात्या म्हणाले. "पालखीला वजन असता. उंबऱ्यावर माणूस डुलतो. दांडा चौकटीला आपटला तर? वजन टाकून बघूया."

इथे घरात चर्चासत्र सुरू झालं. सुधीर म्हणाला तांदळाचं पोतं. नंदा म्हणाली, उद्याच्या जेवणाचा तांदूळ कुणी नाचवायचा नाही. मी म्हटलं गॅसचा सिलिंडर. सलीमभाईने कटर बंद केला आणि दोन पावलं मागे सरकला. कुणी पाटा म्हणालं, कुणी फणस म्हणालं.

"मला बसवा," आतून आवाज आला.

सगळे आतल्या दाराकडे वळले.

"काय म्हणालीस?"

"मला बसवा म्हटलं. वजन हवंय ना?"

तात्यांनी कानाला हात लावले. "काकी, असा कसा? देवाच्या जागी माणूस?"

"देवाच्या जागी कोण बसतंय रे मेल्या? मी वजन म्हणून बसतेय."

आम्ही प्लास्टिकची खुर्ची आणली, दोन बांबूंच्या मध्ये सुंभाने घट्ट आवळून बांधली. आईला उचलून अंगणात आणलं, खुर्चीत बसवलं, तिने पदर डोक्यावरून घेतला आणि कमरेला खोचला. पुढे मी आणि सुधीर, मागे तात्या आणि सलीमभाई. त्याला म्हटलं, तू रोजात आहेस, राहू दे. तो म्हणाला, "आईला उचलायला काय, फूल आहे." खरंच फूल होती. खांद्यावर घेतल्यावर मला कळलं, ती किती हलकी झाली आहे. आम्ही वजन म्हणून ज्याला उचललं होतं, त्याला वजनच नव्हतं. मी समोरच्या उंबऱ्याकडे बघत राहिलो. सुधीरनेही माझ्याकडे बघितलं नाही.

"चला," आई वरून म्हणाली. "झोपलात काय?"

काजूगर सोलणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. कुणीतरी तोंडाने ढोल धरला. आम्ही नव्या वाटेने पडवीत शिरलो, उंबऱ्यापाशी तात्या म्हणाले तसे जरा डुललो, चौकट जवळ आली. "वाक आई!" मी ओरडलो. तिने मान खाली घातली आणि जाता जाता वरच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला. स्वतःच्याच घराला. आणि आम्ही आत आलो.

बैठकीच्या मधोमध थांबलो. आई वरून सगळीकडे बघत होती. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. महिने झाले होते तिला कॉटवरून छत बघत. आता तीच छताजवळ होती. माझ्या मनात काहीतरी फार उदात्त येऊ लागलं, डोळ्यांत पाणीही आलं असावं.

"नंदा!" आई कडाडली. "गो नंदा! कपाटाच्या डोक्यावर बोटभर धूळ हाय! आणि पंख्याला जळमटं! खालनं काय दिसायचं नाय, वरनं सगळा दिसता. उद्या ती इथनंच बघणार!"

नंदा दोन दिवस घर घासत होती. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "आई, तुम्ही जमिनीवर होतात तेच बरं होतं."

अख्खं घर हसलं. आई सर्वांत जास्त हसली, एवढी की बांबू हलू लागले.

"आता तिकडे न्या," ती म्हणाली.

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. चार महिने पाय ठेवला नाय मी."

बांबू आत वळेनात. म्हणून दारापर्यंत नेलं. तिथून तिने मान लांब करून बघितलं. चुलीवरची भांडी, पाण्यात भिजणारे वाटाणे, परातीतले पांढरे काजूगर, चिरलेला फणस. एकेका वस्तूवर तिची नजर थांबली आणि पुढे गेली. काही चूक काढली नाही. नंदा वाट बघत होती. आई नुसती म्हणाली, "बरोबर हाय." मग म्हणाली, "उतरवा मला."

सूर्य बुडाला तेव्हा सलीमभाईने आमच्या पडवीत बसून खजूर खाल्ला आणि कबूल केल्याप्रमाणे दोन चहा घेतले. आणि दुसऱ्या दिवशी देवी आली. ढोल, गुलाल, माणसंच माणसं. पालखी त्याच वाटेने आली, उंबऱ्यावर तशीच डुलली, मधोमध टेकली. आईने तिच्यासमोर बसून ओटी भरली. गाऱ्हाणं तात्यांनी घातलं, नेहमीचंच, सगळ्यांना सुखी ठेव. आई मध्येच पुढे झुकून देवीला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. काय ते ढोलात ऐकू आलं नाही. पण मी देवीकडे बघितलं, आणि शप्पथ सांगतो, ती पंख्याकडे बघत असल्यासारखी वाटली. पंखा लख्ख होता.

त्या पावसाळ्यात आई गेली. नंतरच्या शिमग्याला दुःखाचं वर्ष, जेवण नव्हतं. जाळी काढलीच नाही. पालखी अंगणातूनच गेली. आम्ही दारात उभे राहून हात जोडले. आई असती तर तिने भिंतीकडे तोंड केलं असतं, एवढंच तेव्हा मनात आलं.

म्हणून यंदा हे बोल्ट. म्हणून हे तेल. माझं चुचकारणं कामी आलं नाही, शेवटी दुपारी सलीमभाईच आला. याही वर्षी रोजा. त्याने एक हातोडी मारली आणि मी सकाळपासून ज्यांची मनधरणी करत होतो ते निमूट फिरले. जाळीचा तुकडा निघाला. घराने जांभई दिली.

सुधीर मुंबईहून आलाय. तात्या आलेत, त्यांनी चहा घेतलाय, आणि पडवीकडे बघून म्हणालेत, "दोन वर्सं झाली. एकदा बघूया का बांबू घालून?" बांबू आले. खुर्ची आली. सुंभ आवळलं. आणि मग आम्ही चौघे, दोन पुढे, दोन मागे, त्या रिकाम्या खुर्चीभोवती उभे राहिलो. तांदळाचं पोतं कुणी म्हणेना. सिलिंडर कुणी म्हणेना. मी, ज्याला कुठल्याही प्रसंगी काहीतरी सुचतं, तो मी चपलेने मातीत रेघा मारत होतो.

नंदा बाहेर आली. हाताला वड्याचं पीठ, कपाळावरही थोडं. लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईने प्रत्येक पालखी पदराला हात पुसत पाहिली आहे. येते, ओटी भरते, नमस्कार करते, आणि तेल तापलंय म्हणून पळते. तिने आमच्याकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. मग हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला, कमरेला खोचला आणि येऊन बसली.

"मी आईंएवढी हलकी नाही," ती म्हणाली. "नीट धरा."

"देवा रे," मी खांद्यावर घेताना कण्हलो, अर्थात मुद्दाम, थोडंसं खरं.

"बोलू नका. चालायचं बघा."

पडवी. उंबरा. आम्ही डुललो. "वाक," मी म्हटलं, आणि नंदा वाकली आणि तिने वरच्या चौकटीला हात लावला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीच्या मधोमध आम्ही थांबलो. ती वरून बघत होती, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गेले तीन दिवस हे घर तिने एकटीने घासलं होतं. बाहेर कुठल्यातरी वाडीवर ढोल वाजत होता, जवळ येत, लांब जात. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"काय गं? धूळ आहे का?"

तिने कपाटाकडे बघितलं, मग पंख्याकडे.

"आहे," ती म्हणाली. "कपाटावर आहे, पंख्यावर पण आहे."

मग खुर्चीत जरा मागे टेकून बसली आणि म्हणाली, "पण तुम्ही पुसाल ती. मला अजून एकदा फिरवा."